गाठ तीच, आकडा वेगळा

१९७६ साली मोएर्टेल आणि हॅनली या दोन अमेरिकी संशोधकांनी एक साधा, पण जरा खट्याळ प्रयोग प्रसिद्ध केला. बारा टणक गोळे मांडले, त्यांच्यावर फोम रबरचा थर अंथरला आणि सोळा अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना सांगितलं, की रोग्याच्या पोटातली गाठ चाचपता तसं वरून चाचपा आणि मापं लिहून द्या. काही गोळे मुद्दाम एकाच आकाराचे ठेवले होते, हे तज्ज्ञांना ठाऊक नव्हतं. गोळे काही आक्रसणारे नव्हते आणि त्यांना कुणी औषधही दिलेलं नव्हतं. तरी कागदावरच्या मापांत काही गोळे चांगलेच ‘लहान’ झाले. लांबी-रुंदीच्या गुणाकारात २५ टक्के घट दिसली की औषध लागू पडलं असं मानायचं ठरवलं असतं, तर कितीतरी गोळे बरे झाले असते!

म्हणून घट निदान ५० टक्के असल्याशिवाय तिला प्रतिसाद म्हणू नये, अशी शिफारस झाली. पुढे २००० साली आलेल्या ‘रेसिस्ट’ या आंतरराष्ट्रीय निकषांत एकाच व्यासात ३० टक्के घट अशी अट आली. दोन्ही बाजूंनी ३० टक्के कमी म्हणजे ०.७ गुणिले ०.७, म्हणजेच ०.४९. जुना ५० टक्क्यांचा नियमच वेगळ्या कपड्यात आला. कर्करोगाच्या औषधांच्या चाचण्यांत आजही वापरला जाणारा हा उंबरठा मुळात ठरला, तो डॉक्टरांच्या बोटांची किती चूक होते त्यावरून.

आता बोटांची जागा सीटी स्कॅनने घेतली आहे. यंत्र मिलिमीटरचे अंश दाखवतं, संगणक दशांश चिन्हापुढे सहा आकडे छापतो. चूक मात्र गेलेली नाही. ती कुठे लपते, हे शोधायला संशोधकांना बराच काळ लागला.

सीटीच्या प्रतिमेकडे आपण फोटो म्हणून बघतो, पण तो खरं म्हणजे आकड्यांचा तक्ता असतो. ईएमआय या ब्रिटिश कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद टिपला. तेव्हा तो तक्ता ८० बाय ८० घरांचा होता. आज तो सहसा ५१२ बाय ५१२ घरांचा असतो, म्हणजे एकेका छेदात दोन लाख बासष्ट हजारांहून जास्त आकडे. प्रत्येक आकडा हाउन्सफील्ड युनिटमध्ये. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, हाड कित्येक शे. तज्ज्ञाची नजर यातल्या मोजक्याच करड्या छटा वेगळ्या ओळखते. बाकीचं तक्त्यातच पडून राहतं.

ते पडून राहिलेलं उचलायचं, या ध्यासातून ‘रेडिओमिक्स’ जन्माला आलं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तचे फिलिप लाम्बिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली या नावाने एक लेख लिहिला. कल्पना मोहात पाडणारी होती. गाठीभोवती रेघ आखायची, आतल्या आकड्यांवरून शेकडो गुणमापं काढायची (आकार, सरासरी घनता, पोत, खडबडीतपणा) आणि त्यांवरून गाठ किती आक्रमक आहे, कोणत्या औषधाला दाद देईल, रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज बांधायचा. सुई नको, शस्त्रक्रिया नको. स्कॅन तर काढलेलाच असतो.

पोत मोजण्याची रीत मात्र वैद्यकातली नव्हतीच. १९७३ साली रॉबर्ट हॅरॅलिक, के. षण्मुगम आणि इत्झाक डिनस्टाइन यांनी ती मांडली होती वालुकाश्माच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या छायाचित्रांसाठी आणि जमिनीच्या हवाई व उपग्रह प्रतिमांसाठी. जंगल कुठलं, शेत कुठलं, वस्ती कुठली हे यंत्राला ओळखता यावं म्हणून. रीत अशी : प्रतिमेतलं एक घर घ्यायचं, त्याच्या शेजारचं घर बघायचं आणि दोघांच्या छटांची जोडी नोंदवायची. असं सगळ्या घरांचं करायचं. कोणती जोडी किती वेळा आली, याचा तक्ता तयार होतो. सारख्या छटांच्या जोड्या जास्त असतील तर पोत गुळगुळीत, गडद-फिक्या जोड्या जास्त असतील तर खरबरीत. या एका तक्त्यातून डझनभर सूत्रं निघतात.

इथेच पहिली मेख आहे. सीटीत छटा हजारो असतात, त्यामुळे आधी त्यांचे कप्पे करावे लागतात. समजा २५ युनिटांचा एक कप्पा ठरवला. ० ते २४ पहिला, २५ ते ४९ दुसरा. मग २४ आणि २५ या जवळजवळ सारख्या घरांची गणना ‘वेगळी’ अशी होते, तर २५ आणि ४९ ही घरं ‘सारखी’ ठरतात. कप्पा १० युनिटांचा केला तर सगळी मापं बदलतात. कप्प्यांची रुंदी ठरवण्याऐवजी कप्प्यांची संख्याच ठरवली, तर आणखी वेगळी येतात. रुग्णाला हात न लावता, स्कॅन पुन्हा न काढता, नुसत्या संगणकातल्या एका निवडीने गाठ खरबरीत किंवा गुळगुळीत होऊ शकते. आणि कित्येक शोधनिबंधांत ही निवड काय केली होती, ते लिहिलेलंच नसायचं.

दुसरं एक गुणमाप पाहू. त्याचं नाव मोठं भारदस्त आहे, ‘एनर्जी’. करायचं एवढंच, की गाठीतल्या प्रत्येक घराच्या आकड्याचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. आता एकाच रुग्णाची एकच गाठ ५ मिलिमीटर जाडीच्या स्लाइसमध्ये पाहिली आणि मग त्याच स्कॅनच्या माहितीवरून १ मिलिमीटरच्या स्लाइस काढल्या, तर गाठीतली घरं पाचपट होतात आणि बेरीजही जवळजवळ पाचपट होते. गाठीत काडीचाही बदल नाही, ‘एनर्जी’ मात्र पाचपट! पायरेडिओमिक्स हे या क्षेत्रात सर्रास वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर. हे माप गाठीच्या आकारमानाबरोबर फुगतं, असा इशारा त्याच्या माहितीपुस्तिकेतच छापलेला आहे. माहितीपुस्तिका कोण वाचतं म्हणा.

स्लाइसची जाडी, क्ष-किरण नळीचा दाब, किरणांची मात्रा, कॉन्ट्रास्ट दिल्यानंतर किती सेकंदांनी स्कॅन केला, रुग्णाने श्वास किती भरून घेतला, रुग्णाचं वजन. यांतली प्रत्येक गोष्ट आकड्यांत आपला हिस्सा मिसळते. पाण्याचा शून्य सगळ्या यंत्रांवर शून्यच राहतो, कारण मोजपट्टीच पाण्यावर बांधलेली आहे. पण कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन १२० किलोव्होल्टऐवजी ८० किलोव्होल्टवर बरंच जास्त उजळ दिसतं. किरणांची मात्रा निम्मी केली की प्रतिमेतली खरखर सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. पोत मोजणाऱ्या सूत्राला ही खरखर यंत्राची की गाठीची, हे कळायचा मार्ग नसतो.

त्यातही सगळ्यात बेमालूम घटक म्हणजे कर्नेल. यंत्राने गोळा केलेल्या कच्च्या माहितीपासून प्रतिमा रचताना तिला किती मऊ किंवा किती धारदार करायचं, हे ठरवणारं ते गणित. छातीच्या एकाच स्कॅनमधून तंत्रज्ञ सहसा दोन संच काढतो : फुप्फुसांसाठी धारदार, बाकीच्या अवयवांसाठी मऊ. श्वास एकच, किरण एकदाच, गाठ तीच. पण दोन संचांतल्या पोताच्या आकड्यांत एवढी तफावत, की दोन वेगळे रुग्ण वाटावेत. शिवाय प्रत्येक कंपनीची नावं निराळी. सीमेन्सच्या यंत्रावर ‘बी३०एफ’, जीईच्या यंत्रावर नुसतं ‘स्टँडर्ड’. दोन्ही ढोबळमानाने मऊ, पण एकसारखी नव्हेत.

यंत्र तेच आणि सेटिंग तेच ठेवलं तर? हे तपासायला न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३२ रुग्णांना एकदा स्कॅन केलं, टेबलावरून उठवलं आणि पंधरा मिनिटांच्या आत त्याच यंत्रावर पुन्हा झोपवलं. पंधरा मिनिटांत गाठ वाढत नाही आणि कमीही होत नाही. जो फरक दिसेल तो मोजण्यातला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संगणकाच्या मदतीने घेतलेला व्यास साधारण उणे ७.३ ते अधिक ६.२ टक्के एवढा मागेपुढे होत होता, घनफळ उणे १२.१ ते अधिक १३.४ टक्के. हे सगळ्यात सोप्या मापांचं, सगळ्यात अनुकूल परिस्थितीतलं चित्र. हाच संच पुढे ‘रायडर’ नावाने जगभरच्या संशोधकांना खुला झाला आणि रेडिओमिक्सची कुठली गुणमापं पंधरा मिनिटं तरी टिकतात, हे त्यावर पारखलं जाऊ लागलं.

मग रेघ आखणाऱ्या हाताचा प्रश्न येतो. फुप्फुसातली ८ मिलिमीटरची वाटोळी गाठ घ्या. तिचं घनफळ सुमारे २६८ घन मिलिमीटर. रेघ सगळीकडून फक्त अर्धा मिलिमीटर बाहेर गेली, तर व्यास ९ मिलिमीटर आणि घनफळ ३८२ घन मिलिमीटर होतं. ४२ टक्के वाढ! छातीच्या स्कॅनमध्ये एका घराची बाजूच साधारण ०.७ मिलिमीटर असते, म्हणजे ही चूक एका घराएवढीही नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी नेदरलँड्स-बेल्जियममध्ये झालेल्या ‘नेल्सन’ या मोठ्या चाचणीत घनफळात २५ टक्के वाढ झाली की गाठ वाढली असं धरत. म्हणूनच तिथे रेघ आखायचं काम सॉफ्टवेअरकडे दिलं होतं आणि पातळ स्लाइसची शिस्त पाळली होती.

रेघ राहू द्या, गाठ आहे की नाही यावर तरी एकमत असावं ना? अमेरिकेच्या एलआयडीसी या खुल्या संचात छातीच्या १०१८ स्कॅनवर प्रत्येकी चार अनुभवी रेडिऑलॉजिस्टांनी खुणा केल्या. निदान एकाने तरी ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून खूण केलेल्या जागा होत्या २६६९. चौघांनीही तसंच म्हटलेल्या ९२८, म्हणजे जेमतेम ३५ टक्के. हे डॉक्टर बेफिकीर नव्हते. दुसऱ्या फेरीत त्यांना एकमेकांच्या खुणा दाखवूनही हे चित्र होतं.

आपल्याकडे वाण्याच्या तराजूवरही वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. रेडिओमिक्समध्ये शिक्क्याआधीच दुकान उघडलं गेलं. २०१४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ह्यूगो आर्ट्स आणि सहकाऱ्यांचा लेख आला. फुप्फुसाच्या आणि डोकं-मानेच्या कर्करोगाचे १०१९ रुग्ण, ४४० गुणमापं. त्यांतून निवडलेल्या चार मापांच्या ‘सही’वरून रुग्णांच्या आयुर्मानाचा अंदाज बांधता येतो, असा दावा. लेख प्रचंड गाजला आणि त्याच्या वाटेने शेकडो निबंध निघाले.

२०१५ साली ह्यूस्टनच्या एम.डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डेनिस मॅकिन आणि सहकाऱ्यांनी सरळ मुळालाच हात घातला. त्यांनी एक फँटम बनवलं, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवायची वस्तू. तिच्यात दहा खाने आणि त्यांत लाकूड, बुचाचं लाकूड, रबराचे तुकडे, अ‍ॅक्रिलिक, आतून मधमाशांच्या पोळ्यासारखं पोकळ प्लास्टिक. ही पेटी चार वैद्यकीय केंद्रांत, चार कंपन्यांच्या यंत्रांवर, त्या-त्या ठिकाणच्या छातीच्या नेहमीच्या सेटिंगवर ठेवून १७ स्कॅन काढले. शेजारी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २० रुग्णांच्या गाठींची मापं मांडली. काही गुणमापांत एकाच लाकडाच्या तुकड्याचा यंत्रायंत्रांतला फरक हा वीस माणसांच्या गाठींमधल्या फरकाएवढा निघाला. ज्या मापात स्कॅनर बदलल्यावर लाकूडही रोग्यांइतकं बदलतं, त्यावरून रोग्याचं भविष्य सांगणं धाडसाचंच.

त्याहून जिव्हारी लागणारा घाव २०१९ साली टोरांटोहून आला. प्रिन्सेस मार्गारेट कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी त्या गाजलेल्या चार मापांच्या सहीची उलटतपासणी केली. त्यांनी गाठीची बाहेरची रेघ जशीच्या तशी ठेवली आणि आतले आकडे पत्ते पिसावेत तसे पिसून टाकले. पोत संपला, गाठीच्या आत जे काही दडलेलं असेल ते सगळं विस्कटलं. तरी सहीची भाकितं तितकीच चांगली येत राहिली! कारण तिच्यातली बहुतेक मापं आडवळणाने गाठीचं आकारमानच सांगत होती. मोठी गाठ म्हणजे वाईट लक्षण, हे तर सीटीच्या आधीपासून डॉक्टरांना माहीत आहे.

या प्रकरणातला बोध नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो पहिल्या वाचनात निसटतो. ती चार मापं निवडताना संशोधकांनी स्थिरता तपासली होती. रायडरच्या दुहेरी स्कॅनवर जी मापं टिकली, तीच पुढे घेतली होती. पण पंधरा मिनिटांच्या फरकाने सगळ्यात चांगलं काय टिकतं? आकारमान. आणि जे माप आकारमानाला चिकटून चालतं, तेही. त्यामुळे नुसत्या स्थिरतेच्या चाळणीतून शेवटी आकारमानच वेगवेगळ्या नावांनी खाली पडतं. माप स्थिर आहे एवढ्यावर भागत नाही, ते जुन्या साध्या मापापेक्षा काही नवं सांगतं का, हेही बघावं लागतं. २०१८ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात फँटमवरच्या एका अभ्यासाने १७७ गुणमापं तपासली. यंत्रावरची बहुतेक सेटिंगं पक्की ठेवली तरी त्यांतली सगळी माहिती १० मापांत मावते, बाकीची एकमेकांची नक्कल, असा त्याचा निष्कर्ष होता.

सॉफ्टवेअरचा गोंधळ मात्र बराच निस्तरला गेला, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. २०१६ साली ‘आयबीएसआय’ नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. पंचवीस गटांनी आपापल्या सॉफ्टवेअरवर एकच गणित सोडवायचं ठरवलं. सुरुवातीला गणित होतं ५ बाय ४ बाय ४ अशा अवघ्या ८० घरांच्या कृत्रिम प्रतिमेचं. एवढ्या चिमुकल्या ठोकळ्यावरही पहिल्या फेऱ्यांत उत्तरं जुळेनात. नाव एकच, सूत्रं वेगळी, असा प्रकार होता. चर्चा करत, दुरुस्त्या करत २०२० साली १७४ पैकी १६९ मापांवर एकमत झालं. आता एखाद्या निबंधात सॉफ्टवेअर आयबीएसआयच्या नियमांनुसार चालतं असं म्हटलं असेल, तर निदान बेरजा-गुणाकारांवर भरवसा ठेवता येतो. स्कॅनरचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही.

त्यावरचा सध्याचा लोकप्रिय उपाय म्हणजे ‘कॉम्बॅट’. जनुकशास्त्रात २००७ साली मांडलेली ही संख्याशास्त्रीय पद्धत प्रत्येक यंत्राचा सरासरी कल मोजून वजा करते. चांगली आहे, पण मर्यादित. समजा बरेचसे गंभीर रुग्ण शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या एकाच यंत्रावर आणि सौम्य आजाराचे गावाकडच्या यंत्रावर स्कॅन झाले, तर यंत्राचा फरक कुठे संपतो आणि आजाराचा कुठे सुरू होतो, हे कोणतीही वजाबाकी सांगू शकत नाही. शिवाय यंत्रंही थांबत नाहीत. २०२१ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी फोटॉन मोजणाऱ्या नव्या पिढीच्या सीटी यंत्राला मान्यता दिली. प्रतिमा सुंदर येतात, पण जुन्या यंत्रांवर घासून-पुसून बसवलेले आकडे तिथे पुन्हा तपासावे लागतात.

घाईचा सगळ्यात ठसठशीत नमुना कोविडच्या काळातला. छातीच्या सीटी आणि एक्स-रेवरून यंत्रबुद्धीने कोविड ओळखण्याचे आणि त्याचा अंदाज बांधण्याचे २२१२ निबंध केंब्रिजच्या पुढाकाराने झालेल्या एका आढाव्यात चाळले गेले. गुणवत्तेच्या चाळणीतून ६२ उरले. रुग्णालयात वापरण्याजोगा त्यांतला एकही नव्हता. हा आढावा मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग आकड्यांवर विश्वास ठेवूच नये का? तसं नाही. हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियमचा स्कोअर घ्या. आर्थर अ‍ॅगॅटस्टन यांनी १९९० साली मांडलेलं हे माप अगदी ओबडधोबड आहे. १३० युनिटांच्या वरचा ठिपका कॅल्शियम धरायचा. सगळ्यात उजळ आकडा १३० ते १९९ असेल तर क्षेत्रफळाला १ ने गुणायचं, २०० ते २९९ असेल तर २ ने, आणि असंच पुढे ४ पर्यंत. म्हणजे १९९ वरून २०० झालं की त्या ठिपक्याचा स्कोअर दुप्पट. गणिताच्या शिक्षकाने लाल शेरा मारावा असा प्रकार. तरी जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ तो वापरतात, कारण नळीचा दाब, स्लाइसची जाडी आणि उंबरठा सगळीकडे जवळपास एकच ठेवला गेला आणि हजारो माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून कोणत्या स्कोअरला किती धोका, हे पाहिलं गेलं. शेकडो नाजूक मापांपेक्षा शिस्तीत घेतलेलं एक ओबडधोबड माप परवडतं.

महाराष्ट्रातल्या रुग्णांना हा विषय दूरचा नाही. लातूर, नांदेड, कोल्हापूरकडचे कितीतरी रुग्ण गावाजवळ काढलेला स्कॅन पिशवीत घालून मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात येतात. पहिला स्कॅन एका यंत्रावर, उपचारानंतरचा दुसऱ्या, तिसरा आणखी कुठे. अहवालात ‘दोन मिलिमीटरने वाढ’ असं वाचून घरात धास्ती पसरते. अशा वेळी एक प्रश्न जरूर विचारावा : दोन्ही स्कॅन सारख्याच जाडीच्या स्लाइसवर आणि सारख्याच पद्धतीने मोजलेत का? रेसिस्टच्या २००९ सालच्या सुधारित नियमांतही मोजलेल्या गाठी वाढल्या असं म्हणायला एकूण मापात २० टक्के आणि शिवाय निदान ५ मिलिमीटर वाढ लागते. अर्थात निर्णय डॉक्टरांचा. पण पाठपुराव्याचे स्कॅन शक्यतो एकाच केंद्रात, त्याच सेटिंगवर करून घेणं रुग्णाच्याही हातात असतं.

आणि स्कॅन झाल्यावर फक्त फिल्म घेऊन घरी जाऊ नये. डायकॉम या मूळ आकडे जपणाऱ्या स्वरूपातली सीडी, पेनड्राइव्ह किंवा लिंक मागावी, तीत पातळ स्लाइसही हव्यात असं सांगावं आणि ती जुन्या कागदपत्रांसारखी जपावी. फिल्मवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत फक्त करड्या छटा उरतात. हाउन्सफील्डचे मूळ आकडे त्यातून परत काढता येत नाहीत.